टर्बो बसतो, पाइप बसत नाहीत: मोठा टर्बो लावताना अडणाऱ्या जागा आणि त्या कशा सोडवायच्या

हिंगणघाटहून वडनेरकडे जाताना हायवेला लागून माझं गॅरेज आहे. रोजचं काम पिकअप, जीप आणि ट्रॅक्टरचं. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, मी वर्षानुवर्षं बदलतो आहे, पण जुना काढून तसाच नवा बसवणं वेगळं आणि मूळ टर्बोच्या जागी मोठा बसवणं वेगळं. तो फरक मला एका गाडीनं शिकवला. एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलानं पहिल्या पिढीतली ऑक्टाव्हिया आरएस घेतली होती. १.८ लिटर, २० व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, मूळ ताकद १५० पीएस. त्याला कंपनीचा छोटा के०३ टर्बो काढून मोठा के०४ लावायचा होता. गाडी फक्त शर्यतीच्या ट्रॅकसाठी होती, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकला ट्रेलरवर न्यायची.

ट्रॅकची गोष्ट आधी सांगतो, कारण रस्त्यावरच्या गाडीला मोठा टर्बो का नाही, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवून दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. कलम १८२अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला हेच कारण पुढे करते. म्हणून रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला मी मोठा टर्बो लावत नाही. पण खाली जी पद्धत लिहिली आहे, त्यातली बरीचशी बोलेरोचा किंवा पिकअपचा कंपनीचाच टर्बो बदलतानाही कामाला येते.

पैसे देण्याआधी

विकणारा म्हणतो, "सरळ बसतो." तो खोटं बोलत नसेलही, पण तो फक्त मॅनिफोल्डच्या (इंजिनातला एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या ओतीव पाइपच्या) फ्लॅंजबद्दल, म्हणजे बोल्ट लागणाऱ्या सपाट तोंडाबद्दल बोलत असतो. टर्बोला आठ जोडण्या असतात: मॅनिफोल्डकडून येणारा एक्झॉस्ट, डाउनपाइपकडे (टर्बोपासून सायलेंसरकडे उतरणाऱ्या पाइपकडे) जाणारा एक्झॉस्ट, हवा आत घेणारं तोंड, दाबलेली हवा बाहेर सोडणारं तोंड, ऑइल येण्याची जागा, ऑइल परत जाण्याची जागा, आणि कुलंटचे दोन पाइप. त्याशिवाय वेस्टगेटचा, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा, अ‍ॅक्च्युएटर असतो. ती झडप रॉडनं हलवणारा हा डबाही कुठेतरी मावला पाहिजे. यातली एक जोडणी जुळली म्हणजे टर्बो बसला असं होत नाही.

के०४ हे नावच फसवं आहे. या नावाखाली दोन वेगळ्या घरची मंडळी विकली जातात. के०४-००१ हा के०३ च्या मूळ मॅनिफोल्डवर चढतो. के०४-०२२ आणि ०२३ हे ऑडी एस३ आणि २२५ पीएसच्या टीटीमधले. त्यांना मॅनिफोल्ड वेगळा, डाउनपाइप वेगळा, ऑइल आणि कुलंटचे पाइप वेगळे, आणि दाबलेली हवा सोडणारं तोंड उलट बाजूला. स्वस्तात मिळतो म्हणून दुसरा घेतलात तर टर्बोच्या किमतीइतका खर्च आजूबाजूच्या सामानावर होतो. आमच्याकडे ००१ आला होता, तरी चार दिवस गेले.

जुना आणि नवा टर्बो शेजारी शेजारी ठेवून मोजा. जुन्याचं जुनं गॅस्केट नव्याच्या फ्लॅंजवर ठेवा. भोकं जुळतात का, आणि आतली वाट कुठे झाकली जाते का, दोन्ही बघा. वाट झाकली जात असेल तर एक्झॉस्ट तिथे अडतो आणि मोठ्या टर्बोचा उपयोगच राहत नाही. मग शाफ्ट बोटांनी धरून हलवा. बाजूला किंचित खेळ चालतो, कारण साध्या बेअरिंगमध्ये ऑइलची फिल्म ती जागा भरते. पण पुढेमागे हालचाल जाणवली, किंवा बाजूला दाबून फिरवताना पंखा घराला घासला, तर तो टर्बो परत करा.

खोलताना

या गाडीत टर्बो इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला आहे. वरून हात जातो, पान्हा जात नाही. उजव्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट सोडवला की खालून जागा होते. एवढा वेळ काढाच. तो वाचवायला गेलं की पान्हा तिरपा लागतो आणि नटाचे कोपरे जातात.

जुने स्टड ही पहिली खरी परीक्षा. शेकडो वेळा तापून थंड झालेला नट स्टडशी एकजीव झालेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. सकाळी नट तापवा, थोडा निवू द्या, पुन्हा ऑइल, आणि मग आधी घट्ट करायच्या दिशेला अगदी किंचित हलवून मगच सोडवा. तरीही तुटलाच तर घाबरू नका. उरलेल्या खुंटावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा आणि लालसर असतानाच पान्ह्यानं फिरवा. वेल्डिंगच्या उष्णतेनंच आटे सुटतात. ड्रिल हा शेवटचा मार्ग. सेंटर पंच बरोबर मधोमध बसला नाही तर ड्रिल मऊ बाजूला सरकतं आणि मॅनिफोल्डचे आटे जातात. वेल्डिंगआधी बॅटरीचं टर्मिनल काढायला विसरू नका.

मॅनिफोल्ड उतरला की त्याचा चेहरा तपासा. सरळ स्टीलची पट्टी आडवी ठेवा, खालून फीलर गेज घाला. ०.१० मिलिमीटरचं पान सहज शिरत असेल तर मी तो सरफेस करायला पाठवतो. वाकलेल्या मॅनिफोल्डवर कितीही चांगलं गॅस्केट लावा, महिन्याभरात फुसफुस सुरू होते. आपल्याकडे गावोगाव लेथ आहेत, पण त्यांचा हात नांगराच्या आणि ट्रॉलीच्या कामाला बसलेला. फ्लॅंज सरफेस करायला आणि स्टेनलेसच्या आरगॉन वेल्डिंगला नागपूरची हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसी गाठा.

कोरडी जुळणी

हा भाग कोणी टाळू नये. गॅस्केट न लावता, नट फक्त हातानं फिरवून, सगळं सामान एकदा गाडीवर चढवायचं: मॅनिफोल्ड, टर्बो, डाउनपाइप, हवेचे होज, ऑइल-कुलंटचे पाइप. काहीही घट्ट करायचं नाही. अडचण कुठे आहे ती इथे दिसते. घट्ट केल्यावर दिसली तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

मोठ्या टर्बोचं कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंख्याचं, घर फुगीर असतं. ते ब्लॉकला, कुलंटच्या पाइपला किंवा माउंटिंगच्या ब्रॅकेटला लागतं. डोळ्यांनी अंतर कळत नाही, आरसा आणि टॉर्च घेऊनही नाही. मी चिकण मातीचा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून संशयाच्या जागी चिकटवतो, टर्बो जागेवर आणतो, पुन्हा काढतो आणि दबलेल्या मातीची जाडी मोजतो. त्या गाडीत कॉम्प्रेसर आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये माती कागदासारखी झाली होती, जेमतेम दीड मिलिमीटर. थंड इंजिनावर दीड मिलिमीटर म्हणजे तापल्यावर आणि इंजिन हलल्यावर शून्य. मातीचा कण टर्बोच्या किंवा ऑइलच्या भोकात जाऊ नये म्हणून सगळी तोंडं आधी टेपनं बंद केलेली हवीत.

माझा नियम असा आहे: धातू ते धातू किमान १०-१२ मिलिमीटर. रबर, प्लास्टिक, वायर आणि ब्रेकचा पाइप एक्झॉस्टच्या बाजूपासून किमान ५० मिलिमीटर, आणि तेवढी जागा नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल.

जागा करायची तर आधी टर्बोचं घर फिरवून बघा. कॉम्प्रेसरचं आणि टर्बाइनचं (एक्झॉस्टनं फिरणाऱ्या पंख्याचं) घर मधल्या भागाभोवती फिरवता येतं. बोल्ट सैल करा, घर सरळ धरून हळू फिरवा. तिरपं ओढलं की पंख्याची पाती वाकतात, आणि वाकलेलं पातं सरळ करून चालत नाही. पण लक्षात घ्या, अ‍ॅक्च्युएटरचं ब्रॅकेट बऱ्याच टर्बोत कॉम्प्रेसरच्या घरालाच जोडलेलं असतं. घर फिरलं की रॉडचा कोन बदलतो आणि ते सगळं नव्यानं जुळवावं लागतं. ग्राइंडर शेवटी घ्या, आणि तो ब्रॅकेटवर चालवा, टर्बोवर नाही.

ऑइल परत जाण्याचा पाइप

आता मी जिथे चुकलो ती जागा.

टर्बोत ऑइल येतं ते इंजिनाच्या दाबानं. बाहेर पडतं ते फक्त स्वतःच्या वजनानं, उतारावरून पाणी वाहतं तसं. आणि बाहेर पडणारं ऑइल पातळ धारेचं नसतं. मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगानं फिरणाऱ्या शाफ्टमधून ते हवा मिसळून, ताक घुसळल्यावर येतो तशा फेसासारखं येतं. फेसाला जागा जास्त लागते. म्हणून येणारा पाइप बारीक आणि परतीचा जाड असतो. परतीच्या पाइपचं आतलं भोक १६ मिलिमीटरच्या आसपास हवं, तो खाली सरळ उतरला पाहिजे, आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे.

आमच्या टर्बोचं परतीचं भोक मूळ पाइपच्या फ्लॅंजपासून थोडं बाजूला आणि थोडं खाली येत होतं. मूळ पाइप ओढूनताणून बसेना. मी दोन तुकडे केले, मध्ये होज टाकला. होज किंचित लांब झाला होता. मधे त्याला झोळ आला, अंगठ्याएवढा. मला तो दिसला होता. मी म्हटलं, चालून जाईल.

गाडी सुरू झाली, आवाज गोड, सगळं ठीक. पाच मिनिटं आयडलवर ठेवली आणि सायलेंसरमधून निळा धूर यायला लागला. मालकाचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भाऊ, टर्बो त नवा हाये, मंग धूर काहून येऊन रायला?" मी आधी टर्बोच्या सीलवर संशय घेतला, टर्बो उतरवला, विकणाऱ्याला फोन केला. टर्बो चांगला होता. होज काढला तर झोळात काळं ऑइल साचलेलं, बोटानं चमच्यासारखं काढता येईल इतकं. परतीची वाट तुंबली होती. ऑइलला जायला जागा नाही म्हणून ते शाफ्टच्या सीलवरून टर्बाइनमध्ये उतरत होतं आणि तिथे जळत होतं. टर्बोतलं हे सील रबरी ऑइल सीलसारखं नसतं. पिस्टनच्या रिंगसारखी धातूची रिंग असते. मागे ऑइल साचलं की ती अडवू शकत नाही.

तेव्हापासून मी या पाइपला सगळ्यात जास्त वेळ देतो. करायचं ते असं. मधल्या भागाचं परतीचं भोक शक्य तितकं खाली, उभ्या दिशेला ठेवा. ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका. पाइप मोजून बनवा, झोळ नको, वर चढणारा भाग नको, काटकोनाचं वळण नको. मधे होज लागलाच तर ऑइलसाठीचा घ्या. रेडिएटरचा होज इथे अजिबात नको. त्याचं रबर ऑइलनं फुगतं, आतून सुटतं आणि वाट बंद करतं. साधा सिलिकॉन होजही ऑइल झिरपू देतो. फ्लॅंजला गॅस्केटच लावा. सिलिकॉनची ट्यूब पिळली तर त्याचे तुकडे चेंबरमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

धूर येतोय पण पाइप बरोबर आहे, असं असेल तर इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारा पाइप, बघा. तो तुंबलेला असेल तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि तो दाब टर्बोतलं ऑइल खाली उतरू देत नाही. टर्बो बदलून हे दुखणं जात नाही.

चेंबर खाली उतरवायची सोय असेल तर याच वेळी उतरवा. जुन्या १.८ टर्बो इंजिनात ऑइलचा चिकट गाळ जमतो आणि जाळी अर्धी बंद झालेली असते. नव्या टर्बोला तीच जाळी उपाशी मारते.

ऑइल येणारा पाइप आणि कुलंट

येणारा जुना पाइप पुन्हा लावू नका. आत जळून कडक झालेला कोळसा असतो, तो बाहेरून दिसत नाही. नवा पाइप, बॅंजो बोल्टला (ऑइल आतून वाहू देणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वायसर. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल कमी लागतं, त्याला बहुधा ऑइल रोखणारा सुमारे १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो. साध्या बेअरिंगच्या टर्बोला सहसा लागत नाही, आणि उगाच लावला तर बेअरिंग कोरडं पडतं. टर्बो बनवणाऱ्याच्या कागदात काय लिहिलं आहे तेच करा.

कुलंटचे पाइप एक खाली, एक वर येतील असा मधला भाग थोडा फिरवा. इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो, तेव्हा गरम कुलंट आपोआप वर सरकतं आणि खालून थंड येतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात. अशा वेळी बंद केलेल्या गाडीच्या टर्बोतलं ऑइल जळण्यापासून वाचवणारी हीच गोष्ट आहे.

अ‍ॅक्च्युएटर

वेस्टगेटची झडप पूर्ण बंद धरा. रॉडचा डोळा पिनेपासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबला पाहिजे, म्हणजे तो ओढून पिनेत घालावा लागेल. हा ताण कमी असेल तर झडप लवकर उघडते आणि बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब, चढत नाही. जास्त असेल तर बूस्ट हाताबाहेर जातो. हातपंप आणि दाबाचं मीटर लावून रॉड किती पीएसआयला हलायला लागतो ते लिहून ठेवा. पुढे मॅप करणारा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये पेट्रोल आणि बूस्टचं गणित नव्यानं बसवणारा, हेच पहिल्यांदा विचारतो. रॉड चालताना कुठल्या पाइपला घासत नाही ना, तेही पूर्ण उघडून बघा.

डाउनपाइप, होज, उष्णता

इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही. डाउनपाइप थंड असताना फायरवॉलपासून चांगला लांब दिसतो. टॉमी लावून इंजिन पुढेमागे ढकला आणि पुन्हा बघा. लवचिक जोड नसलेला डाउनपाइप टर्बोच्या स्टडवर सगळा भार टाकतो आणि स्टड सैल होतात. घट्ट करताना क्रम असा: सगळं सैल, मग मॅनिफोल्ड, मग टर्बो, मग डाउनपाइप, आणि सायलेंसरचा हँगर सगळ्यात शेवटी. उलट केलं तर पाइप ताणलेला राहतो. नट नवे आणि लॉकिंगचे, आटे उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसनं माखलेले, टॉर्क मॅन्युअलमधला.

हवेच्या होजला मापात फरक असेल तर एका मापातून दुसऱ्यात जाणारा तयार सिलिकॉन होज घ्या. रबर ताणून क्लिप आवळणं म्हणजे पूर्ण बूस्टवर होज उडवण्याची तयारी. जास्त बूस्टला टी-बोल्टची क्लिप बरी.

डाउनपाइपच्या खाली उजव्या ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट येतं. त्यावर कंपनीनं पत्र्याची ढाल दिलेली असते. जुन्या गाड्यांत ती कोणीतरी काढून फेकलेली सापडते. पुन्हा लावा. रबर वितळलं की ग्रीस गरम एक्झॉस्टवर उडतं, आणि आग तिथून लागते.

दाब तपासणी आणि पहिली सुरुवात

एअर फिल्टरच्या पुढच्या होजमध्ये पीव्हीसीचं टोपण घट्ट बसवा. त्याला टायरचा व्हॉल्व्ह लावलेला असू द्या. ब्रीदरचा पाइप वेगळा करून बंद करा, नाहीतर दाब चेंबरमध्ये जाऊन सील उडवेल. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हळूहळू १५ पीएसआयपर्यंत हवा भरा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडा दिसला तिथे गळती.

सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल टाका आणि पंखा हातानं फिरवा. ऑइल आणि फिल्टर नवे. इग्निशन कॉइल आणि इंजेक्टरचे सॉकेट काढून ठेवा, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मधे थांबा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करा, मगच सॉकेट जोडा. सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं आयडल. या वेळात रेस द्यायची नाही. मालक शेजारी उभा असतो, त्याला आवाज ऐकायचा असतो, तरीही नाही. सुरुवातीचा पांढरट धूर आणि वास हाताळणीत लागलेल्या ऑइलचा असतो, तो थोड्या वेळात जातो.

मॅप झाल्याशिवाय पूर्ण बूस्ट नको. मोठा टर्बो जास्त हवा देतो. पेट्रोल तेवढं वाढलं नाही तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. इंजेक्टर, पंप, प्लगचं अंतर हे सगळं मॅप करणाऱ्याबरोबर बसून ठरवा. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉडही मोठ्या टॉर्कला कमजोर पडतात, त्यामुळे खालच्या आरपीएमवर बूस्ट थोडा रोखून धरा.

पहिल्या गरम फेरीनंतर गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा तपासा. गॅस्केट बसतं, एखादा नट पाव फेरा घेतोच.

आणि आपल्या भागातली एक गोष्ट. ती गाडी जिनिंगच्या शेडात उभी असते. दिवाळीनंतर कापसाचे तंतू हवेत उडत असतात. या गाडीचा इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) पुढच्या उजव्या चाकापाशी, बंपरच्या कोपऱ्यात लपलेला आहे. डिसेंबरमध्ये तो उघडला तर जाळीवर पांढरी गोधडी पसरल्यासारखी होती. सोयाबीनच्या मळणीत कुटाराचंही तेच होतं. बंपरची आतली पट्टी काढा, आणि आतल्या बाजूनं बाहेरच्या दिशेला कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. जोरात मारलं तर पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात. एअर फिल्टरही त्याच दिवशी बदला. आम्ही आता गाडी ट्रेलरवर चढवण्याच्या आदल्या संध्याकाळी हे करतो, आणि ऑइलच्या परतीच्या पाइपवरून टॉर्च एकदा फिरवतो.